समुद्रतळाच्या खाणीत आपला वाटा किती, हे घरबसल्या कसं काढायचं

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी मेसेज टाकला, "भारताला समुद्रात दहा हजार चौरस किलोमीटर जमीन मिळाली, सोनं तांबं सगळं आपलं", आणि खाली झेंड्यांची रांग. मी लिहिलं, काका असं नसतं हो. काका म्हणाले, मग कसं असतं ते सांग. आणि मला धड सांगता येईना. मग दोन-तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर कागद चाळत बसलो, आणि त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहितोय. समुद्रातल्या खाणीची कुठलीही बातमी आली की ह्या क्रमाने बघत जा, पंधरा मिनिटांत कळतं की खरंच कुणाला काय मिळालं. वकील असायची गरज नाही, सातबारा वाचता येत असेल तर हेही येतं, खरं सांगायचं तर सातबाऱ्यापेक्षा सोपं आहे कारण इथे तलाठी शोधायला लागत नाही.

सगळ्यात आधी बघायचं की जागा रेषेच्या अलीकडे आहे का पलीकडे. बातमीत ठिकाणाचं नाव असतं, ते नकाशावर शोधा आणि जवळच्या किनाऱ्यापासून अंतर मोजा. २०० सागरी मैल म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, एवढ्या पट्ट्यातलं खनिज त्या त्या देशाचं, तिथे जगाला विचारायचा प्रश्नच नाही. काही देशांची जमीन पाण्याखाली त्याच्याही पुढे उताराने गेलेली असते, ते पुरावे देऊन बहुतेक ठिकाणी ३५० मैलांपर्यंत हक्क सांगू शकतात, भारतानेही २००९ मध्ये तसा अर्ज केलेला आहे. आणि ह्या सगळ्याच्या पलीकडचा जो तळ उरतो त्याला कायद्याच्या भाषेत नुसतं 'एरिया' म्हणतात. एवढ्या मोठ्या जागेला एवढं साधं नाव. एरियामध्ये कुठल्याच देशाची मालकी नाही.

ही पहिली पायरी गाळली की पुढचं सगळं चुकतं आणि पेपरवाले ती हमखास गाळतात. उदाहरण बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने समुद्रातल्या १३ ब्लॉकचा लिलाव काढला, त्यात केरळच्या समोर बांधकामाची वाळू, गुजरातच्या समोर चुन्याचा गाळ, आणि ग्रेट निकोबारजवळचे सात ब्लॉक खनिजांच्या गोळ्यांचे आणि थरांचे. हे सगळं भारताच्या स्वतःच्या हद्दीत, आपल्याच २००२ च्या कायद्याखाली, ज्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. ह्याचा आंतरराष्ट्रीय वाटपाशी काही संबंध नाही. नॉर्वेने जानेवारी २०२४ मध्ये संसदेत मंजुरी घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी थांबवलं, तेही त्यांच्याच तळावर. पापुआ न्यू गिनीचा सोलवारा १ प्रकल्प, ज्यात त्या गरीब देशाच्या सरकारने भागीदारीत पैसे घातले आणि २०१९ मध्ये नॉटिलस कंपनीचं दिवाळं निघाल्यावर ते बुडाले, तोही त्यांच्याच पाण्यात. म्हणजे वाईट झालं, पण 'जगाच्या वाट्याचं' वाईट नाही झालं.

मधला पट्टा मात्र गमतीशीर आहे. २०० मैलांच्या पुढे पण देशाच्या वाढीव तळावर खाण काढली तर समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं (१९८२ चा, त्याच्याबद्दल पुढे) कलम ८२ लागतं: पहिली पाच वर्षं काही द्यायचं नाही, सहाव्या वर्षी उत्पादनाच्या १ टक्का, मग दरवर्षी एकेक टक्का वाढत बाराव्या वर्षी ७ टक्के, आणि पुढे सातच. हा पैसा किंवा माल जगाच्या वाटणीत जातो. म्हणजे वर्षाला १००० कोटींचं उत्पादन असेल तर सहाव्या वर्षी १० कोटी आणि बाराव्या वर्षापासून ७० कोटी. विकसनशील देश तेच खनिज बाहेरून जास्त आयात करत असेल तर त्याला माफी. हिशेब करताना हे माफीचं वाक्य विसरू नका, भारताच्या बाबतीत तेच कामाला येऊ शकतं.

आता रेषेच्या पलीकडे जाऊ, खरी मजा तिथे आहे.

तुमच्या गावात गायरान असेल तर एरिया समजायला दोन मिनिटं पुरतात. गायरान कुणाच्या नावावर नाही, सगळ्यांचं आहे, पण म्हणून कुणीही जाऊन कुंपण घालायचं नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि खोल समुद्राचा तळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरवा असं मांडलं, नाहीतर ज्याच्याकडे मशीन तो सगळं उचलणार. माल्टा केवढा, तर आपल्या मुंबईपेक्षाही लहान, आणि बोलला सगळ्या पृथ्वीच्या तळाबद्दल. १९७० मध्ये आमसभेने तसा जाहीरनामा काढला, १९८२ मध्ये जमैकात समुद्र कायद्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि त्यातलं कलम १३६ एका ओळीत सांगतं की एरिया आणि त्यातली संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा. कलम १३७ म्हणतं कुणी मालकी सांगायची नाही आणि सांगितली तर बाकीच्यांनी मानायची नाही. कलम १४० म्हणतं फायदा सगळ्या मानवजातीसाठी, विकसनशील देशांकडे विशेष लक्ष देऊन, न्याय्य वाटप. हे तीन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, १३६, १३७, १४०, वादात फार उपयोगी पडतात.

आणि गायरानाला जशी ग्रामपंचायत तसं ह्या तळाला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण, आयएसए, ऑफिस जमैकात किंग्स्टनला. १६९ देश आणि युरोपीय संघ असे १७० सदस्य, त्यात ३६ जणांची कौन्सिल. कौन्सिलमधल्या खुर्च्या गटवार वाटलेल्या आहेत: चार मोठे गिऱ्हाईक देश, चार सर्वात जास्त गुंतवणूक केलेले, चार ते जे हीच खनिजं जमिनीवरून काढून विकतात, सहा विकसनशील, आणि उरलेल्या अठरा जागा भौगोलिक हिशेबाने. भारत गुंतवणूकवाल्या गटात बसतो. बातमीत कुठला देश काय बोलला हे वाचताना तो कुठल्या गटात आहे ते आधी बघा, अर्धं भाषण न वाचता कळतं.

पुढचं काम, कागद कुठला ते बघायचं. आयएसएच्या वेबसाईटवर सगळ्या कंत्राटांची यादी आणि नकाशा उघडा आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. कंत्राटाचं नाव, सही कधी, मुदत कधी संपते, स्पॉन्सर देश (म्हणजे कंत्राटदाराच्या पाठीशी उभा राहणारा देश) कोण, खनिज कुठलं, हे सगळं तिथे मिळतं. खनिजं तीनच प्रकारची: एक ते बटाट्याएवढे काळे गोळे म्हणजे नोड्यूल, त्यात मँगनीज निकेल तांबं कोबाल्ट. दुसरे सल्फाईडचे ढीग, जे समुद्रातल्या गरम झऱ्यांपाशी साठतात, त्यात तांबं जस्त आणि थोडं सोनं चांदी. तिसरे समुद्रातल्या डोंगरांवर बसलेले कोबाल्टचे थर.

आणि आता नीट ऐका, कारण काकांची चूक इथे होती. हे लिहितोय तोपर्यंत आयएसएने दिलेली सगळी कंत्राटं शोधाची आहेत, उत्खननाचं एकही नाही. शून्य. शोध म्हणजे नमुने घ्या, मोजा, मशीन तपासा, पण विकायला काढायचं नाही. शोधाचं कंत्राट १५ वर्षांचं, मग पाच-पाच वर्षं वाढवून मिळतं. उत्खननाची नियमावली अजून चर्चेतच आहे, म्हणून 'खाण मिळाली' असं कुणी लिहिलं की समजायचं शोधाचा परवाना मिळाला, आणि सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर कब्जेदार सोडाच, अजून कूळ म्हणूनसुद्धा नाव लागलेलं नाही, नुसती मोजणी चालू आहे.

भारताची तीन कंत्राटं आहेत. पहिलं नोड्यूलचं, २५ मार्च २००२ चं, मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात ७५,००० चौरस किलोमीटर, कन्याकुमारीपासून दोन हजार किलोमीटरच्याही पुढे दक्षिणेला आणि पाच किलोमीटरहून खोल. दुसरं २०१६ चं, सल्फाईडचं, १०,००० चौरस किलोमीटर. तिसरं सप्टेंबर २०२५ चं, तेही सल्फाईडचं, कार्ल्सबर्ग रिजवर, म्हणजे हिंदी महासागराच्या तळावरच्या एका डोंगररांगेवर, आणखी १०,०००, आणि काकांचा मेसेज ह्याच्यावर होता. ह्यातली सुरुवात गोव्याची आहे हे पुष्कळांना माहीत नसतं, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गवेषणी जहाजावरून २६ जानेवारी १९८१ ला पहिले गोळे वर काढले.

वाटे पाडणं

हा भाग मला सगळ्यात आवडतो. कोकणात दोन भावांची वाटणी करायची तर जुनी रीत आहे, एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. समुद्र कायद्यात हुबेहूब हेच आहे. नोड्यूलची जागा मागणाऱ्याने एवढा मोठा तुकडा दाखवायचा की दोन खाणी चालतील, त्याचे सारख्या किमतीचे दोन भाग करून आणायचे, आणि आयएसए त्यातला एक ठेवून घेणार. तो ठेवलेला भाग 'राखीव', तो विकसनशील देशांसाठी किंवा आयएसएच्या स्वतःच्या कंपनीसाठी, जिचं नाव एंटरप्राइझ. अर्जदाराने स्वतःचे पैसे घालून सर्व्हे केलेला भाग दुसऱ्याला आयता मिळतो, म्हणजे वाटणीचा पहिला हप्ता पैशात नाही तर माहितीत आहे.

भारताचाच हिशेब मांडून बघा. आपण दाखवले ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र. अर्धा गेला राखीव खात्यात, १९८७ मध्ये आपल्याला मिळाले दीड लाख, आणि असं नोंदणीकृत झालेला भारत हा जगातला पहिला देश. मग नियम असा की शोध घेता घेता अर्धा परत सोडायचा, चांगला ठेवायचा, म्हणून उरले ७५,०००. सरकारी आकड्यांप्रमाणे त्यात ३८ कोटी टन गोळे आहेत. तर पुढच्या वेळी क्षेत्रफळाचा आकडा दिसला की विचारा, हा सोडण्याच्या आधीचा की नंतरचा, कारण जुन्या पुस्तकांत दीड लाख छापलेलं असतं आणि परीक्षेला बसणारी पोरं तेच पाठ करतात.

आता राखीव जागांचं पुढे काय झालं बघा. पॅसिफिकमध्ये हवाई आणि मेक्सिकोच्या मधला जो मोठा पट्टा आहे, क्लॅरियन-क्लिपरटन, तिथल्या राखीव तुकड्यांवर २०११ मध्ये नाउरूने स्पॉन्सर केलेल्या नोरी कंपनीला शोधाचं कंत्राट मिळालं. नाउरू म्हणजे २१ चौरस किलोमीटरचं बेट. आणि नोरी आज कुणाची, तर द मेटल्स कंपनीची, ती कॅनडातली. कागदावर सगळं नियमात आहे. पण गरीब भावासाठी ठेवलेला वाटा, भावाच्या सहीवर, बाहेरचा शेठ कसतोय असं माझं मत, आणि ते मी बदलायला तयार आहे जर कुणी मला दाखवलं की नाउरूला त्यातून शेठच्या जवळपास जाईल एवढं मिळणार आहे.

म्हणून कंत्राटाच्या यादीत दोन नावं वेगवेगळी वाचा, स्पॉन्सर कोण आणि कंपनी कुणाची. स्पॉन्सर म्हणजे नुसता शिक्का नाही. १ फेब्रुवारी २०११ ला समुद्र कायद्याच्या न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने सल्ला दिला की स्पॉन्सर देशाने कंपनीवर खरोखर लक्ष ठेवलं पाहिजे, तसे कायदे केले पाहिजेत, आणि ही जबाबदारी श्रीमंत गरीब सगळ्यांना सारखीच, नाहीतर कंपन्या सोयीचं बेट शोधत फिरतील. हा प्रश्न कुणी उपस्थित केला होता, तर नाउरूनेच.

त्याच नाउरूने २०२१ च्या जूनमध्ये १९८२ च्या कराराला १९९४ मध्ये जो जोडकरार झाला (तो पुढे येईल) त्यातलं एक कलम ओढलं, ज्यात लिहिलंय की एखाद्या देशाने मागितलं तर दोन वर्षांत नियम पुरे करा. दोन वर्षं जुलै २०२३ मध्ये संपली, नियम झाले नाहीत. बातम्यांमध्ये 'टू इयर रूल' दिसला तर तो हा.

पैसे मोजायची वेळ

कलम १४० म्हणतं न्याय्य वाटप, पण किती टक्के ते करारात कुठेही नाही. तो आकडा नियमावलीत यायचाय. म्हणून तुम्हाला स्वतःला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज करायला कागद पेन्सिल पुरते. चर्चेत आलेल्या एका मॉडेलमध्ये रॉयल्टी सुरुवातीला २ टक्के आणि काही वर्षांनी ६ टक्के अशी होती. समजा एका कंपनीने वर्षात १००० कोटींचं खनिज काढलं. २ टक्के म्हणजे २० कोटी. कलम १७३ सांगतं की आयएसएचा स्वतःचा खर्च आधी, तो वजा करा, उरेल ते वाटायचं. पण समजा खर्च शून्य धरला, तरी १७० सदस्यांत सारखे वाटले तर एकेकाला पावणेबारा लाख. पावणेबारा लाख रुपये, एका देशाला, वर्षाला. आमच्याकडे एवढ्यात धड एक चारचाकी येते. दहा कंपन्या धरल्या तरी सव्वा कोटीच्या आत.

हा हिशेब केला की मग आफ्रिकन देशांच्या गटाने रॉयल्टीच्या आकड्यांवर एवढी हरकत का घेतली ते कळतं. त्यातल्या काँगोचं पोट कोबाल्टवर, झांबियाचं तांब्यावर, गॅबनचं मँगनीजवर. समुद्रातून तोच माल आला आणि भाव पडले तर त्यांचं नुकसान खरं आणि वाटा मात्र पावणेबारा लाख. करारात अशा देशांना भरपाईची तरतूद आहे, पण ती कशातून देणार, तर ह्याच २० कोटींतून.

आणि सारखंच वाटायचं असंही नाही. आयएसएच्या वित्त समितीपुढे जी सूत्रं आली त्यात लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न दोन्हीचं वजन आहे, म्हणजे माणसं जास्त आणि उत्पन्न कमी तर वाटा जास्त. ह्या सूत्रात भारताचा वाटा चांगला येतो आणि छोट्या बेटांचा नगण्य होतो, मग त्यांच्यासाठी किमान वाटा ठेवायचा का ह्यावर भांडण. दुसरा एक विचार असा की वाटूच नका, एक फंड करा आणि त्यातून समुद्राचा अभ्यास, प्रशिक्षण वगैरे चालवा. मला आधी वाटलं ही पळवाट आहे, पण पावणेबारा लाखांचा आकडा बघितल्यावर फंडाची कल्पना तेवढी वाईट वाटत नाही, गावच्या गायरानाचे पैसे घरटी वाटले तर प्रत्येकाला चहा-भज्यांपुरते येतात आणि देवळाच्या खात्यात टाकले तर निदान पत्रे तरी बदलून होतात. शेवटी ठरवणार कोण, तर कौन्सिलच्या शिफारशीवर असेंब्ली, म्हणजे आयएसएच्या सगळ्या सदस्यांची सभा.

वाट्याचा एक भाग मात्र आजच मिळतोय आणि तो कुणी मोजत नाही. प्रत्येक शोध-कंत्राटदाराला विकसनशील देशांतल्या लोकांना प्रशिक्षण द्यावं लागतं, जहाजावर, लॅबमध्ये, सगळा खर्च कंत्राटदाराचा. अर्ज आयएसएच्या साईटवर निघतात. समुद्रविज्ञान, भूगर्भशास्त्र, सागरी कायदा असलं काही शिकणारं कुणी घरात असेल तर रॉयल्टीची वाट बघण्यापेक्षा हे पान बुकमार्क करा. शिवाय पर्यावरणाची मोजमापं डीपडेटा नावाच्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना खुली आहेत. गोळे किती आणि कुठे, ही माहिती मात्र कंपनीची गोपनीय.

१९९४ चं नावही लक्षात ठेवा. १९८२ च्या करारात तंत्रज्ञान सक्तीने द्यायची अट होती, उत्पादनावर मर्यादा होती, एंटरप्राइझला सुरुवातीपासून ताकद होती. श्रीमंत देश म्हणाले आम्ही येत नाही. मग १९९४ मध्ये जोडकरार करून हे सगळं पातळ केलं, एंटरप्राइझने आधी भागीदारीतच काम करायचं असं ठरलं, आणि मग बाकीचे आले. कुणी नुसता १९८२ चा मजकूर दाखवून भांडत असेल तर त्याला विचारा, १९९४ वाचलंय का.

एवढं करूनही अमेरिका आली नाहीच. म्हणून बातमीत अमेरिका असेल तर हे सगळं गणित बाजूला ठेवून वेगळं वाचायचं. त्यांचा स्वतःचा १९८० चा कायदा आहे, २४ एप्रिल २०२५ ला ट्रम्प ह्यांनी त्याच्या जोरावर खोल समुद्रातल्या खनिजांसाठी घाई करा असा आदेश काढला, आणि काही दिवसांतच द मेटल्स कंपनीच्या अमेरिकन शाखेने तिकडे अर्ज टाकला, एरियातल्याच जागेसाठी. तो रस्ता चालला तर तिथला माल जगाच्या वाटणीत येत नाही. कलम १३७ प्रमाणे बाकीच्या देशांनी तो हक्क मानायचा नाही, पण माल बंदरात उतरल्यावर कोण नाही म्हणेल हे बघायला लागेल. ह्या धंद्यात अमेरिकेचं नाटक जुनंच आहे म्हणा, १९७४ मध्ये ग्लोमार एक्स्प्लोरर नावाचं जहाज मँगनीजचे गोळे काढायला चाललंय असं सांगून त्यांनी बुडालेली रशियन पाणबुडी उचलायचा प्रयत्न केला होता.

वाटा काढताना वजाबाकीची बाजूही मांडा. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, म्हणजे एकदा उचलले की संपलं. १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात जर्मन शास्त्रज्ञांनी तळ नांगरून बघितला होता, नंतर अनेक दशकांनी गेले तरी नांगराचे चर तसेच्या तसे. तीसहून जास्त देश म्हणतायत की तूर्त थांबा, आणि त्यांच्या यादीत भारत नाही. बातमीत 'मोरेटोरियम' शब्द आला तर तो ह्या देशांचा.

एक शेवटची युक्ती, अर्ज आणि कंत्राट ह्यात गल्लत करू नका. भारताने जानेवारी २०२४ मध्ये अफानासी निकितिन ह्या समुद्रातल्या डोंगरासाठी कोबाल्टच्या थरांचा अर्ज केला, ३,००० चौरस किलोमीटर, आणि तेव्हाही मेसेज फिरले की मिळाला. मिळाला नव्हता, त्या जागेवर दुसऱ्या देशाचा वाढीव तळाचा दावा असल्याचं तपासणीत निघालं, आणि श्रीलंकेचा तसा दावा आहेच. म्हणजे ती जागा एरियात आहे का श्रीलंकेची हेच ठरायचंय, आपण परत पहिल्या पायरीवर, नकाशा आणि पट्टी घेऊन.

काकांना मी शेवटी चार ओळी पाठवल्या: जमीन नाही, शोधाचं कंत्राट आहे, पंधरा वर्षांचं, विकायला काढायची परवानगी नाही, उद्या काढलं तरी हिस्सा सगळ्या जगाला. काकांनी अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, मग आपल्या ७५ हजारांचं काय. ते कंत्राट दोनदा वाढवून घेतलंय आणि सध्याची मुदत मार्च २०२७ ला संपते. तेव्हा पुन्हा झेंडे येणार, त्या दिवशी आधी एवढंच बघा की बातमी मुदतवाढीची आहे का उत्खननाच्या अर्जाची.